बिलातली ‘हँडलिंग’ नावाची ओळ

(एपिसोडचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केले आहेत, बाकी जसंच्या तसं.)

लोकलमध्ये असाल तर एक इअरफोन काढून ठेवा, स्टेशन चुकेल. मागच्या वेळी एकाने कमेंट केली होती की तुझा एपिसोड ऐकता ऐकता मी वाशीऐवजी मानखुर्दला उतरलो. त्याची जबाबदारी मी घेत नाही.

आजचा विषय आहे खासगी विमानं. आता तुम्ही म्हणाल, भावा, आम्ही फर्स्ट क्लासचा पास काढताना चार वेळा विचार करतो आणि तू जेटच्या गप्पा मारतोस! थांबा. जेटच्या आतल्या लेदर सीटबद्दल मला काहीच बोलायचं नाही. विमान जमिनीवर टेकल्यानंतरचं जे सगळं असतं, त्याबद्दल बोलायचंय. ते कोण सांभाळतं, आणि तो ‘कोण’ निवडायचा कसा. शेवटपर्यंत ऐकलंत तर कळेल की याचा तुमच्या-माझ्या घराशी काय संबंध आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी उलव्यात राहतो. बी.टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये लागलो, आता सहा वर्षं झाली. रोज खारकोपरहून नेरूळ आणि तिथून ऐरोली. आमची कंपनी चार्टर विमानवाल्यांसाठी एक प्रॉडक्ट बनवते. विमान कुठून कुठे जाणार, परवानग्या कोणत्या, इंधन कुठे भरणार, पायलटला हॉटेल कुठलं, हे सगळं एका स्क्रीनवर. त्यात एक ड्रॉपडाउन आहे : ‘ग्राउंड हँडलर निवडा’. त्या ड्रॉपडाउनमध्ये सगळ्यात वर कोणाचं नाव दिसणार, हे ठरवणारा कोड मी लिहिला होता. आज मी त्याच कोडची गोष्ट सांगणार आहे.

आधी हँडलर म्हणजे कोण ते बघू. तुम्ही इंडिगोने किंवा एअर इंडियाने गेलात तर बस, शिडी, बॅगा हे सगळं एअरलाइन आणि विमानतळ मिळून बघतात. आपल्याला पत्ताही लागत नाही. पण आठ सीटचं खासगी विमान एखाद्या विमानतळावर उतरतं, तेव्हा तिथे त्याचं स्वतःचं कोणीच नसतं. विमान कुठे उभं करायचं ते हाताने इशारे करून दाखवायला माणूस लागतो. चाकांना अडण लावायला माणूस लागतो. इंजिन बंद झाल्यावर बाहेरून वीज द्यायला जीपीयू नावाची गाडी लागते. इंधनाचा टँकर बोलवावा लागतो, टॉयलेटची टाकी रिकामी करावी लागते, पाणी भरावं लागतं. प्रवाशांची तपासणी, पायलटसाठी गाडी, परदेशातून आलं असेल तर कस्टम्स आणि इमिग्रेशन. पार्किंगची परवानगी वेगळी. हे सगळं पैसे घेऊन करून देणारा तो हँडलर. ज्याच्याकडे स्वतःची जागा, लाउंज, हँगर असं सगळं आहे, त्याला म्हणतात एफबीओ, फिक्स्ड बेस ऑपरेटर.

नावामागे इतिहास आहे, छोटासाच. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत बरेच वैमानिक गावोगाव फिरून शेतात विमान उतरवायचे, कसरती दाखवायचे, पैसे घेऊन लोकांना फिरवायचे. आपल्याकडे जत्रेत मौत का कुआँ येतो ना, साधारण तसं. १९२६ साली तिथे हवाई वाहतुकीचा कायदा आला, परवाने आले, आणि यातले बरेच जण एका धावपट्टीशेजारी दुकान टाकून बसले. एका जागी बसला म्हणून फिक्स्ड बेस. आपल्याकडे जुहूचा विमानतळ १९२८ चा. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. भारतात खासगी विमानांसाठी पूर्णपणे वेगळं टर्मिनल मात्र दिल्लीला सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालं. म्हणजे या धंद्यात आपण तसे नवीनच आहोत.

आता मुंबईची अडचण समजून घ्या, कारण आपल्या बाजूला सगळं तिच्यावरून ठरतं. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकच वापरता येते. अशा एका धावपट्टीवर रोज नऊशेच्या वर विमानं. २०२४ च्या सुरुवातीला सरकारने सांगितलं की गर्दीच्या तासांत ताशी ४६ ऐवजी ४४ आणि बाकीच्या वेळी ४४ ऐवजी ४२ च विमानं घ्या. कारण विमानं ४० ते ६० मिनिटं वर घिरट्या घालत होती. सरकारच्याच हिशेबाने ४० मिनिटं घिरट्या म्हणजे साधारण १.७ किलोलीटर इंधन, सुमारे १.८ लाख रुपये. त्याच वेळी बिझनेस जेटना दिवसातले जे ४ तास बंदी होती, ती ८ तास केली. पार्किंगला जागा कमी, म्हणून कितीतरी जेट मुंबईत प्रवासी उतरवतात आणि रिकामी दुसऱ्या शहरात जाऊन उभी राहतात. रिक्षावाला सोडून पुढच्या नाक्यावर जाऊन थांबतो तसं, फक्त इथे नाका पुणे, नाशिक किंवा अहमदाबाद असतो.

आणि त्या ‘नाक्यांचे’ नियमही वेगवेगळे. पुण्याचं लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, तिथे त्यांचं वेळापत्रक आधी. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी पुणे विमानतळ १६ ते २९ तारखेपर्यंत चक्क बंद होता. नाशिकजवळचं ओझर हे एचएएलचं. छोट्या विमानतळांना ठरलेल्या वेळा असतात, त्यापुढे थांबायचं असेल तर आधी अर्ज करा आणि पैसे भरा. काही ठिकाणी इंधनच नसतं. हँडलर एखाद्या ठिकाणी दोन-तीन असतात, एखाद्या ठिकाणी एकच, आणि एखाद्या ठिकाणी एकही नाही. मग शेजारच्या शहरातून माणूस गाडी करून येतो.

तर अशा परिस्थितीत आमच्या ड्रॉपडाउनमध्ये सगळ्यात वर नाव कोणाचं यावं? मी एक फॉर्म्युला केला होता. पन्नास टक्के वजन किमतीला. तीस टक्के वजन ग्राहकांनी दिलेल्या स्टार्सना. वीस टक्के वजन, हँडलर ईमेलला किती लवकर उत्तर देतो त्याला. मला वाटत होतं, काय भारी बनवलंय! डेमोमध्ये टाळ्या पडल्या होत्या.

आता ती संध्याकाळ.

मे महिना होता, २०२३. मराठवाड्यातल्या एका गावातले एक काका, शेतकरी, अपघातात डोक्याला मार लागलेला, व्हेंटिलेटरवर. जवळच्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की मोठ्या शहरात हलवा, रस्त्याने नको. एअर अ‍ॅम्ब्युलन्स ठरली. पैसे कसे जमले ते मला नंतर कळलं : थोडे घरचे, थोडे पाहुण्यांचे, उरलेले गावाने वर्गणी काढून. विमान होतं किंग एअर, दोन पंख्यांचं, छोटं. ऑपरेटर आमचा ग्राहक. त्यांच्या ऑपरेशन्स डेस्कवर एक ताई आहेत, वीस वर्षं याच कामात. त्या दिवशी त्या सुट्टीवर होत्या आणि डेस्कवर नवीन मुलगा होता. त्याने आमचं सॉफ्टवेअर उघडलं, ड्रॉपडाउनमध्ये सगळ्यात वरचं नाव निवडलं आणि बटण दाबलं. त्याची काही चूक नाही. सगळ्यात वरचं नाव निवडण्यासाठीच तर मी ते वर ठेवलं होतं.

विमान रात्री ८ वाजून २० मिनिटांनी उतरलं. विमानतळाचं आणि हँडलरचं नाव मी घेणार नाही, नाव हा मुद्दाच नाही. विमान जागेवर उभं राहिलं, इंजिनं बंद झाली. किंग एअरसारख्या विमानात इंजिन बंद झालं की एसी बंद. मोठ्या विमानांच्या शेपटीत वीज बनवणारं एक छोटं इंजिन असतं, तसं यात नसतं. जीपीयू आला असता तर निदान पंखे चालले असते, स्ट्रेचरवरच्या यंत्रांना वीज मिळाली असती. हँडलरकडे जीपीयू एकच होता आणि तो दुसऱ्या विमानाला लावलेला होता.

आणि अ‍ॅम्ब्युलन्स गेटवर अडली होती.

हे नीट ऐका, कारण हे बहुतेकांना माहीत नसतं. विमान उभं असतं त्या भागात बाहेरची कुठलीही गाडी थेट जाऊ शकत नाही, अ‍ॅम्ब्युलन्सही नाही. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, डॉक्टरांची नावं असलेलं पत्र आधी द्यावं लागतं, पास निघतात, आत सोबत गाडी द्यावी लागते. हे बरोबरच आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे. गेटवरचा जवान त्याचं काम करत होता. झालं होतं असं की हॉस्पिटलने आयत्या वेळी गाडी बदलली. पत्रावर एक नंबर, गेटवर दुसऱ्याच नंबरची गाडी. दुरुस्त पत्र द्यायला दोन मिनिटं लागतात. पण त्यावर सही करायचा अधिकार हँडलरच्या ज्या माणसाला होता, त्याची ड्युटी ८ वाजता संपली होती. तो ट्रॅफिकमध्ये. फोन सायलेंटवर. रात्रपाळीतला मुलगा धावपळ करत होता, पण त्याच्या सहीला किंमत नव्हती.

बावन्न मिनिटं. आत काका, त्यांचा मुलगा, डॉक्टर आणि नर्स. डांबर दिवसभर तापलेलं, विमानाचं दार उघडं ठेवलेलं, डॉक्टर दर दोन मिनिटांनी ऑक्सिजनचा काटा बघतायत. त्यांनी नेहमीच्या सवयीने एक सिलिंडर जास्तीचा घेतला होता. तो शेवटचाच होता. शेवटी कॅप्टन स्वतः चालत विमानतळाच्या ड्युटी ऑफिसरकडे गेले, त्यांनी मध्यस्थी केली, गाडी आत आली.

काका वाचले. आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही पुढचं ऐकणार नाही. तीन आठवड्यांनी घरी गेले. उजव्या हातात अजून ताकद कमी आहे, पण बोलतात, चालतात.

मला हे सगळं कधी कळलं? दोन महिन्यांनी. काकांच्या मुलाने ऑपरेटरकडे बिलाचा तपशील मागितला होता. गावाला हिशेब द्यायचा होता त्याला, वर्गणीचे पैसे होते ना. बिलात एक ओळ होती : ‘हँडलिंग’. पुढे एक रक्कम. त्याने विचारलं, “हे पैसे नेमके कशाचे?” बिल आमच्या सिस्टिममधून निघतं, म्हणून तो प्रश्न फिरत फिरत माझ्याकडे आला. मी डेटाबेस उघडला. त्या ओळीच्या आत काहीच नव्हतं, फक्त एक आकडा. जीपीयूचे पैसे त्यात आहेत का? जो आलाच नाही त्या जीपीयूचे? मला सांगता येईना.

मग मी लॉग बघितले. तो हँडलर एक नंबरला का होता? दर सगळ्यात कमी. स्टार्स चांगले, कारण स्टार्स देणारे सगळे दिवसा आलेले, लाउंजमध्ये कॉफी प्यायलेले लोक. आणि ईमेलला उत्तर? सरासरी काही सेकंदांत. का? कारण त्यांनी ऑटो-रिप्लाय लावला होता. ‘आपली विनंती मिळाली, धन्यवाद.’ माझ्या कोडने त्या ऑटो-रिप्लायला पैकीच्या पैकी मार्क दिले होते.

मंडळी, मी तेव्हा ऐरोलीच्या ऑफिसात बसलो होतो, एसी चालू होता. मला उठून बाहेर जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या ताईंना फोन केला. म्हटलं, ताई, तुम्ही हँडलर कसा निवडता? त्या हसल्या. म्हणाल्या, “तुझं सॉफ्टवेअर बघून नाही निवडत रे. मी रात्री दोनला फोन लावून बघते.”

त्यानंतर मी त्यांच्यासोबत तीन-चार विमानतळांवर गेलो, हँडलरच्या माणसांबरोबर उभा राहिलो, बघितलं, विचारलं. जे शिकलो ते आता सांगतो. खासगी विमानासाठी जमिनीवरची सोय निवडायची असेल तर हे प्रश्न विचारायचे. लाउंजचे फोटो नंतर बघा.

पहिला प्रश्न : रात्री दोन वाजता फोन कोण उचलतो, आणि त्याला सही करायचा अधिकार आहे का? नुसतं ‘आम्ही २४ तास सेवा देतो’ चालणार नाही. नाव, नंबर आणि अधिकार. आम्ही खरंच रात्री फोन लावून बघितले. काहींनी दुसऱ्या रिंगला उचलला. काहींचे स्विच ऑफ. दिवसा दोघांची ब्रोशर अगदी सारखी दिसत होती.

दुसरा : तुमचं स्वतःचं काय आहे आणि मागून आणता काय? जीपीयू किती, आणि त्याच वेळी दुसरं विमान असेल तर? टोबार, म्हणजे विमान ओढायचा दांडा, प्रत्येक प्रकारच्या विमानाला वेगळा लागतो. आमच्या विमानाचा आहे का? पेशंट किंवा व्हीलचेअरवरचे आजी-आजोबा असतील तर उचलून घ्यायची सोय काय? आणि विमान ओढताना पंख कुठे घासला तर विमा कोणाचा? विमानाचं जमिनीवर होणारं नुकसान ही खरी आणि महागडी गोष्ट आहे. एक ओरखडासुद्धा तपासल्याशिवाय विमान उडत नाही.

तिसरा : गाडी विमानापर्यंत कशी येते? पास कोण काढतं, किती आधी, आणि आयत्या वेळी गाडी बदलली तर काय करता? या प्रश्नाला जो लगेच, न अडखळता उत्तर देतो, त्याने ते आधी केलेलं असतं. जो म्हणतो “हो हो, होऊन जाईल”, तिथे सावध व्हा. ‘होऊन जाईल’ हे आपल्या देशातलं सगळ्यात महाग वाक्य आहे.

चौथा : इंधन. कुठल्या कंपनीचं, उधारीवर की आगाऊ पैसे, आणि मागितल्यापासून टँकर किती वेळात येतो. किंमतही ठिकाणानुसार बदलते, कारण विमानाच्या इंधनावर राज्याचा व्हॅट असतो. २०२३ च्या बजेटमध्ये महाराष्ट्राने मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ टक्क्यांवरून १८ टक्के केला. रायगड लक्षात ठेवा, कारण नवी मुंबई विमानतळ पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतो.

पाचवा : बिल फोडून द्या. हँडलिंग, जीपीयू, पार्किंग, लँडिंग, विमानतळाचा वाटा, जीएसटी, प्रत्येकाची वेगळी ओळ. आणि जी सेवा दिलीच नाही ती ओळ शून्य.

आणि सहावा, जो बहुतेक जण विसरतात : तुम्ही नसाल तर कोण? आठवा, १५ मे २०२५ ला तुर्कस्तानच्या सेलेबी कंपनीची सुरक्षा मंजुरी सरकारने एका आदेशाने रद्द केली. ही कंपनी भारतात ९ विमानतळांवर काम करत होती, मुंबई-दिल्ली दोन्हीकडे. निर्णय बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. पण ज्या डेस्कवर पर्यायी हँडलर आधीपासून ठरलेला होता, तो डेस्क त्या रात्री शांत होता. कारण एवढं नाट्यमय असायचीही गरज नाही. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या पावसाळ्याआधी आणि नंतर देखभालीसाठी सहा तास बंद ठेवतात. २० नोव्हेंबर २०२५ ला सकाळी ११ ते ५ होत्या. हे आधी जाहीर होतं. तुमचा हँडलर तुम्हाला स्वतःहून कळवतो की तुम्ही पेपरात वाचता, यावरूनही माणूस कळतो.

याशिवाय कागदावरची एक कसोटी आहे. बिझनेस विमानांच्या हँडलिंगसाठी आयएस-बाह नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, २०१४ पासून. त्याच्या तीन पायऱ्या असतात. प्रमाणपत्र असेल तर चांगलंच, ते किती तारखेपर्यंत आहे तेवढं बघा. पण प्रमाणपत्र फोन उचलत नाही. ते बघा, आणि रात्री फोनही लावा.

माझ्या कोडचं काय झालं? तो फॉर्म्युला मी काढून टाकला. आता आमच्या स्क्रीनवर हँडलरच्या नावापुढे स्टार्स दिसत नाहीत. चाकं थांबल्यापासून शेवटचा माणूस गेटबाहेर पडेपर्यंत मागच्या फेऱ्यांत किती मिनिटं लागली, ते दिसतं. दिवसाचं वेगळं, रात्रीचं वेगळं. सही करणाऱ्याचं नाव भरल्याशिवाय पेशंटचं विमान बुकच होत नाही, बटण बंद राहतं. सेल्सवाल्यांनी आधी कटकट केली, यूजर वैतागतात म्हणाले. मी म्हटलं, वैतागू देत.

आता आपल्या विमानतळाकडे येतो. २५ डिसेंबरपासून नवी मुंबईहून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. माझ्या खिडकीतून विमान दिसतं आणि मी अजून लहान मुलासारखा बघतो. ३,७०० मीटरची धावपट्टी आहे, आणि ती मुंबईसारखी दुसरीला छेदत नाही. सुरुवातीला वेळ सकाळी ८ ते रात्री ८ होती. खासगी विमानांसाठी वेगळं टर्मिनल योजनेत आहे. ते पूर्ण ताकदीने चालू होईल तेव्हा मुंबईतून हुसकावलेली बरीच जेट इकडे येतील, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि पेशंटच्या दृष्टीने बघा : खारघरला टाटाचं अ‍ॅक्ट्रेक जवळ, बेलापूर-नेरूळची हॉस्पिटलं जवळ, आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे, त्यामुळे शिवडीही लांब नाही. आपल्याकडे एक चांगली सोय उभी राहू शकते.

पण संगमरवरी लाउंज आधी बनेल की रात्रपाळीला सहीचा अधिकार आधी मिळेल, हे अजून ठरायचंय. या विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, ओवळे अशी दहा गावं उठली. त्या गावांतली आणि आपल्या नोडमधली मुलंमुली आता विमानतळांवर रॅम्पवर कामाला लागतायत, काही जण हा पॉडकास्ट ऐकतात, मला मेसेज करतात. तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. उद्या तुम्ही त्या रात्रपाळीत असाल. तुमच्या साहेबांना आजच विचारून ठेवा, की तुम्ही घरी गेल्यावर पत्र बदलायची वेळ आली तर मी काय करू? उत्तर लेखी घ्या.

आणि बाकीच्यांना, जे म्हणत होते याचा आमच्याशी काय संबंध. काकांच्या घरात त्याआधी कोणी विमानात बसलं नव्हतं. आपल्यासारख्या घरात खासगी विमान येतं ते बहुतेक वेळा असंच येतं, रात्री, घाईत, उधार-उसनवारीच्या पैशांनी. देव करो आणि तुमच्यावर ती वेळ न येवो. आलीच तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, समोरचा दलाल आहे की ऑपरेटर ते विचारा, आणि ऑपरेटरकडे डीजीसीएचा एनएसओपी परवाना आहे का ते बघा. त्याशिवाय भाड्याने प्रवासी नेता येत नाही. दोन, दोन्ही बाजूंच्या हँडलरचा रात्रीचा नंबर मागा, आणि उडण्याआधी तो लावून बघा. तीन, अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर पक्का करा आणि हॉस्पिटलला सांगा की गाडी बदलली तर पहिला फोन आम्हाला. तिन्ही गोष्टींना मिळून दहा मिनिटं लागतात.

काकांच्या मुलाला मी शेवटी स्वतः फोन केला. कंपनीकडून नाही, माझ्याकडून. सांगितलं, दादा, मी ते सॉफ्टवेअर लिहिलंय, आणि त्या ओळीत काय आहे ते मला सांगता येत नाही, कारण मी ते लिहायची सोयच केली नव्हती. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मग आता करा सोय. पुढच्याला कामाला येईल.” ऑपरेटरने न मिळालेल्या जीपीयूचे पैसे त्याला परत केले. त्याने ते वर्गणीच्या हिशेबात जमा दाखवले आणि त्या पानाचा फोटो मला पाठवला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्यापैकी कोणी रॅम्पवर, कार्गोत, एटीसीत काम करत असेल तर कमेंटमध्ये लिहा. माझं काही चुकलं असेल तर तेही सांगा, पुढच्या एपिसोडमध्ये दुरुस्त करेन. आणि घरात कोणाला हा एपिसोड कामाचा वाटला तर फॅमिली ग्रुपवर टाका, गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये थोडी जागा करा.

भेटू पुढच्या शनिवारी. काळजी घ्या. आणि हो, स्टेशन आलं असेल, बघा.